वरून लाल, आतून कच्चं

वाचनासाठी शास्त्रभाग: मत्तय 5:23-24 आणि योहान 21:9-17



या वेळी मी स्वयंपाकघरातून लिहितो आहे. ज्यांना मी माहीत आहे त्यांना हसू येईल, कारण छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी चहा आणि ऑम्लेट यापलीकडे फारसं काही केलेलं नाही. पण गेल्या वर्षी मी घरी फ्राइड चिकन करायला शिकलो. ते शिकताना प्रभूने मला माझी एक चूक दाखवली. ती चूक मंडळीतल्या बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे, म्हणून ती सर्वांसमोरच लिहितो.

आमच्या बेळगावच्या मंडळीत हंगामाचा सण कसा होतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी वेदीपुढे उसाच्या मोळ्या, भाताच्या लोंब्या, पपया, नारळ, भोपळे मांडलेले असतात. उपासना संपली की आवारात लिलाव होतो. पाय बांधलेला एखादा कोंबडा दरवर्षी असतोच, आणि तो बाजारभावाच्या चौपट किमतीला जातो. मग प्रीतिभोजन. गेली सहा वर्षं जेवणाच्या व्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी हिशेबाचा माणूस. किती माणसं, किती तांदूळ, किती किलो चिकन, सगळं वहीत. गोंधळ होऊ नये म्हणून कुपनांची पद्धतही मीच सुरू केली.

त्या वर्षी 180 कुपनं छापली होती. भात, रस्सा, कोशिंबीर आणि प्रत्येक कुपनावर तळलेल्या चिकनचा एक तुकडा. त्यासाठी 14 किलो चिकन वेगळं ठेवलं होतं. पहाटे पाच वाजल्यापासून पाच बहिणी चुलीपाशी होत्या. त्यांच्यात सगळ्यांत मोठ्या म्हणजे आमच्या अक्का. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. मंडळीत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मसाला किती, तेल कधी तापलं, भात कधी उतरवायचा, हे सगळं त्यांच्या नजरेवर चालतं.

दुपारी अडीच वाजता पंगती संपत आल्या. तळलेले आठ-दहा तुकडे परातीत उरले होते. कुपन असलेली काही माणसं अजून यायची होती. अक्का पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दोन तुकडे मिळतील काय? नातू घरी आहे, तापानं आला नाही."

मी दमलो होतो. पायात गोळे आले होते. समोर पाहुणे उभे होते. मी म्हणालो, "अक्का, कुपनावरच देतोय. मला हिशेब द्यावा लागतो."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. अक्का "बरं" म्हणाल्या, वळल्या आणि मोठं पातेलं घासायला बसल्या. त्या पाच बहिणींसाठी मी कुपनंच काढली नव्हती. त्या तर घरच्या, त्यांना कुपन कशाला, असं माझ्या मनात होतं. त्या दिवशी त्या पाचही जणींनी उरलेला रस्सा आणि भात खाल्ला. शेवटी परातीत चार तुकडे तसेच राहिले. ते मी एका पाहुण्याच्या डब्यात घालून दिले. बांधवांनो, हे वाक्य लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

त्यानंतर अक्का उपासनेला येत राहिल्या, पण शेवटच्या बाकावर बसू लागल्या. नाताळच्या जेवणाला त्या स्वयंपाकाला आल्या नाहीत. गुडघा दुखतो, असं कळवलं. माझ्या पत्नीने मला विचारलं, "तुम्ही अक्कांना काही बोललात काय?" मी म्हणालो, "छे, विशेष काही नाही." पण रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर अक्कांना संदेश पाठवला: काही चुकलं असेल तर माफ करा. थोड्या वेळाने जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मला वाटलं, चला, मिटलं. जेवणखर्चाच्या वहीत जमा-खर्च जुळल्यावर जशी रेघ मारतो, तशी मी मनात रेघ मारली.

आता चिकनकडे येतो.

आमची मुलगी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ राहते. ती परिचारिका आहे. तिथे ती ज्या मंडळीत जाते, तिथे बहुतेक लोक कृष्णवर्णीय आहेत. रविवारी उपासनेनंतर तळघरातल्या सभागृहात जेवण असतं आणि त्यात तळलेलं चिकन असतंच. तिथल्या एका वृद्ध बाईंनी तिला ते शिकवलं. मुलगी मला फोनवर म्हणाली, "बाबा, आपण दुकानातून आणतो ते हे नव्हे. हे घरचं आहे. आई पुण्याला गेली आहे ना? तुम्ही करून बघा, मी सांगते."

मग तिने जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

साधारण सव्वा किलोची एक कोंबडी घ्यायची, आणि ती कातडीसकट घ्यायची. आपल्याकडे चिकनवाला सवयीने एका झटक्यात कातडी ओढून काढतो, म्हणून त्याला आधीच सांगावं लागतं. आठ तुकडे करायचे: दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे दोन. आमच्या चिकनवाल्याने मानही घातली, म्हणजे नऊ. दोन वाट्या दही अर्धी वाटी पाण्यात घुसळून दाट ताक करायचं. त्यात दीड चमचा मीठ घालून तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये मुरत ठेवायचे. ताकाच्या आंबटपणाने मांस मऊ पडतं आणि मीठ हाडापर्यंत जातं. नुसतं वरून लावलेलं मीठ तिथे पोहोचत नाही.

दुसऱ्या दिवशी तळण्याच्या अर्धा तास आधी तुकडे बाहेर काढायचे, म्हणजे त्यांचा गारठा जातो. परातीत दोन वाट्या मैदा, एक चमचा मीठ, एक चमचा मिरपूड आणि एक चमचा लाल तिखट. तिकडे पापरिका घालतात. मुलगी म्हणाली, आपली ब्याडगी चालते, तिला रंग जास्त आणि तिखटपणा कमी. तुकडा ताकातून निथळून मैद्यात घोळवायचा, हाताने दाबायचा, जास्तीचा मैदा झटकायचा आणि ताटात वीस मिनिटं तसाच ठेवायचा. पीठ ओलं होऊन चिकटलं की तळताना सुटत नाही.

तळायला बिडाची जाड कढई हवी. ती हळू तापते, पण तापली की तुकडे टाकल्यावर पटकन गार होत नाही. तेल शेंगदाण्याचं. अमेरिकेच्या दक्षिणेतही शेंगदाण्याचं तेल तळणीला वापरतात, हे ऐकून मला गंमत वाटली. तेल तुकडे बुडतील इतकं घालायचं नाही, अर्धे भिजतील एवढंच, म्हणजे साधारण एक इंच. आणि आच मध्यम.

हे "आच मध्यम" मी वहीत लिहिलं आणि विसरलो.

शनिवारी संध्याकाळी मी कढई चढवली, तेल धूर येईपर्यंत तापवलं आणि नऊचे नऊ तुकडे एकदम सोडले. काय आवाज आणि काय वास! पाच-सहा मिनिटांत तुकडे लालबुंद झाले. सातव्या मिनिटाला काढले. ताटात लावले, फोटो काढला, मुलीला पाठवला. मग तंगडी उचलून चावा घेतला. वरचा थर कुरकुरीत होता. दुसऱ्या घासाला हाडापाशी मांस गुलाबी आणि चिवट लागलं, आणि तिसऱ्या घासाला हाडालगत रक्त दिसलं.

मुलीला फोन लावला. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, आच मोठी होती. मोठ्या आचेवर वरचं पीठ लगेच लाल होतं, पण आत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. बाहेरून झालंय असं दिसतं, म्हणून आपण काढतो. हाडापाशी ते कच्चंच असतं. एकदम नऊ टाकू नका, चार-चार टाका. एक बाजू बारा-तेरा मिनिटं, त्यात सुरुवातीला झाकण ठेवा. मग उलटून झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं. मांडी आणि तंगडीला छातीपेक्षा जास्त वेळ लागतो. हाडापाशी सुई घातली की येणारं पाणी स्वच्छ हवं. थर्मामीटर असेल तर आत 74 अंश सेल्सिअस."

मग ती म्हणाली, "मला शिकवणाऱ्या बाई सांगतात, कढईपाशी उभं राहायची तयारी नसेल तर हे करायला घेऊ नकोस."

त्या रात्री बराच वेळ आम्ही बोललो. या पदार्थामागे केवढा इतिहास आहे, ते मला तेव्हा कळलं. पुढे मी स्वतःही वाचलं. तळलेल्या कोंबडीची कृती अमेरिकेत 1824 साली मेरी रँडॉल्फ या बाईंच्या पाकपुस्तकात छापली गेली. पण व्हर्जिनियातल्या त्या मोठ्या घरांमधून ती कोंबडी रोज तळणारे हात बहुधा गुलाम बायकांचे होते. त्यांची नावं कुठे छापली नाहीत. यादवी युद्ध 1865 साली संपलं आणि गुलामगिरी गेली. त्यानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर कृष्णवर्णीय बायका तळलेल्या कोंबडीच्या थाळ्या डोक्यावर घेऊन फलाटावर उभ्या राहायच्या आणि गाडीच्या खिडकीतून प्रवाशांना विकायच्या. गाड्यांमध्ये तेव्हा जेवणाची सोय नसे. मिरज जंक्शनवर लहानपणी खिडकीतून खाणं घेतलेल्या माझ्यासारख्याला ते चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. त्या कमाईवर काहींनी स्वतःची घरं बांधली. सायकी विल्यम्स-फोर्सन या अभ्यासक बाईंनी 2006 साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच कोंबडीच्या तंगड्यांवर घरं बांधल्याचा उल्लेख आहे.

पण मला जी गोष्ट लागली ती माँटगोमेरीची. अलाबामा राज्यातल्या या शहरात 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि 5 डिसेंबरपासून कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. तो 381 दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग हे तेव्हा तिथे तरुण पाळक होते. त्यांचं नाव आपण सगळे जाणतो. पण एवढे दिवस हजारो माणसांना कामावर नेण्या-आणण्यासाठी गाड्या लागत, पेट्रोल लागे. त्याचे पैसे कुठून येत? काही पैसे स्वयंपाकघरांतून येत. जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक बाई होत्या. त्या एका हॉटेलात स्वयंपाकीण होत्या आणि सहा मुलांची आई. त्यांनी ओळखीच्या बायकांना गोळा केलं. तळलेलं चिकन घातलेली सँडविच, केक, पाय असं घरी करून विकायचं आणि जमलेले पैसे चर्चमधल्या सभेत आणून द्यायचे, असं त्यांनी सुरू केलं. ज्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, त्यांचं नाव बाहेर आलं तर काम जाणार. म्हणून या गटाचं नाव ठेवलं 'कुठूनच नाही' क्लब. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर खरंच: कुठूनच नाही. 1956 साली किंग यांच्यावरील खटल्यात गिलमोरबाईंनी उघड साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी स्वतःच्या घरातच जेवण करून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या टेबलापाशी चळवळीची मोठमोठी माणसं जेवली.

1990 साली त्या वारल्या. सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्च्याला तेव्हा 25 वर्षं होत होती आणि त्या निमित्ताने येणाऱ्या लोकांसाठी त्या चिकन आणि मॅकरोनी करत होत्या. त्यांनी शिजवलेलं ते अन्न त्यांच्याच शोकाला आलेल्या माणसांनी खाल्लं.

मुलीने हे सांगितलं आणि सहज म्हणाली, "आपल्याकडच्या अक्कांसारख्या होत्या बघा बाबा."

तिला काहीच माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ताटात ते लाल तुकडे तसेच पडले होते. आणि मला माझा तो संदेश आठवला. काही चुकलं असेल तर माफ करा. काय चुकलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी "असेल तर" लिहिलं होतं. दोन मिनिटांत मिटवायचं होतं, म्हणून आच मोठी केली. वरून लाल झालं आणि मी काढून ताटात लावलं. हाडापाशी सगळं कच्चंच होतं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर जर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा. मी हे किती वेळा वाचलं आहे! पण तिथे कोण कोणाकडे जातो ते मी नीट पाहिलं नव्हतं. ज्याच्या मनात दुखणं आहे त्याने येऊन सांगावं, असं प्रभू म्हणत नाही. ज्याच्यामुळे दुखलं त्याने उठून जायचं आहे. पायांनी जायचं आहे. वेदीपासून भावाच्या घरापर्यंत चालायला जो वेळ लागतो, तो वेळही कदाचित त्या समेटाचाच भाग असावा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेनंतर मी अक्कांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीएवढ्याच कुंडीत कढीपत्ता. अक्का तांदूळ निवडत होत्या. "या की भाऊ, बसा," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. मी म्हणालो, "अक्का, चहा नंतर. आधी बसा. हंगामाच्या सणाला मी तुम्हाला जे बोललो ते चुकलो. तुमच्यासाठी कुपन काढलं नाही, ते चुकलो. उरलेले तुकडे दुसऱ्याला दिले, तेही चुकलो."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, "जाऊ दे हो भाऊ." त्या तसं म्हणाल्या नाहीत. सुपातले तांदूळ हाताने सारखे करत बराच वेळ गप्प राहिल्या. मला राहवेना. आपली बाजू सांगावी, त्या दिवशी किती गर्दी होती, पायात कसे गोळे आले होते, हे सगळं ओठांवर आलं. कढईतला तुकडा घाईने उलटावा तसं झालं. पण मी गप्प बसलो.

मग त्या म्हणाल्या, "दोन तुकड्यांचं काय आहे भाऊ? नातवाला मी दुसऱ्या दिवशी विकत आणून करून घातलं. पण चोवीस वर्षं मी त्या चुलीपाशी आहे. तुमच्या लग्नाचं जेवण मी उतरवलंय. आणि तुम्ही माझ्याकडं कुपन मागितलं. तेही सगळ्यांसमोर. मी कोण आहे, असं झालं मला."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. थोड्या वेळाने त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. निघताना मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात एका रविवारी नातवाला घेऊन जेवायला या. मी स्वतः करणार आहे." त्या म्हणाल्या, "बघू." दारापर्यंत आल्या नाहीत.

मी तीन शनिवार चिकन केलं. दुसऱ्या खेपेला मीठ विसरलो. तिसऱ्या खेपेला जमलं. शेजारच्या मुलांनी ताट साफ केलं. माझी पत्नी पुण्याहून परत आली, तिने स्वयंपाकघराची अवस्था पाहून आधी कपाळाला हात लावला आणि मग दोन तुकडे खाल्ले. कढईपाशी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, आच सांभाळायची, मध्येच टोचून बघायचं नाही, हे माझ्यासारख्या माणसाला सोपं नाही. या वेळात मी अक्कांसाठी आणि त्या चार बहिणींसाठी प्रार्थना करू लागलो. खरं सांगतो, सहा वर्षं त्यांच्यासोबत काम करून त्यांच्यापैकी दोघींच्या मुलांची नावंही मला माहीत नव्हती. प्रार्थनेत नाव घ्यायचं म्हणून ती मी विचारून घेतली.

अक्का पहिल्या रविवारी आल्या नाहीत. दुसऱ्याही नाहीत. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर फाटकापाशी थांबल्या होत्या, नातवाचा हात धरून. म्हणाल्या, "आज केलंय काय?"

मी आदल्या रात्री मुरत घातलंच होतं. दर शनिवारी घालत होतो.

आमच्या घरी त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघरात न जाता बाहेर बसल्या. म्हणजे दोनदा उठल्या, पत्नीने दोनदा बसवलं. ताट पुढे आलं तेव्हा अक्कांचा हात सवयीने मानेच्या तुकड्याकडे गेला. आपल्या घरांतल्या आयांचं हे असंच असतं. माझी आईही म्हणायची, मला मानच आवडते. ती खरंच आवडत होती की नाही, हे आता विचारायला ती नाही. मी मान माझ्या ताटात घेतली आणि एक तंगडी अक्कांना वाढली, दुसरी नातवाला.

अक्कांनी पहिला घास घेतला. हाडापाशी बघितलं. चांगली बघितली, माझ्यासारख्याच्या स्वयंपाकाकडे पाहावं तशी. मग म्हणाल्या, "शिजलंय." आणि दुसऱ्या घासाला, "मीठ जरा पुढं आहे."

मला इतका आनंद एखाद्या प्रशस्तिपत्राने झाला नसता.

त्या रात्री मी योहानाचा एकविसावा अध्याय पुन्हा वाचला. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, तेव्हा तो मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. ते योहान 18:18 मध्ये आहे. आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी शिष्य उतरले, तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासे आणि शेजारी भाकर. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द फक्त या दोनच ठिकाणी येतो. ज्या विस्तवापाशी पेत्राने प्रभूला दुखावलं, तसाच विस्तव प्रभूने पुन्हा पेटवला. आधी खायला घातलं, मग विचारलं. आणि एकदा विचारून मिटवलं नाही. तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं. पेत्राच्या हाडापर्यंत ते पोहोचेपर्यंत प्रभू थांबला.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या किनाऱ्यावर ज्याचा अपमान झाला, त्यानेच चूल पेटवली होती. आमच्या मंडळीतही चोवीस वर्षं चूल अक्काच पेटवत होत्या. चूक माझी होती, पण जेवू घालणं मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे.

या वर्षीच्या हंगामाच्या सणाला आम्ही एक बदल केला. पहिली पंगत चुलीपाशी राबणाऱ्यांची. त्या जेवल्याशिवाय कुपनांची पेटी उघडायची नाही. वाढायला आम्ही पुरुष मंडळी. पाळकसाहेबांनीही हातात बादली घेऊन रस्सा वाढला. कुपनं अजून आहेत, हिशेबही आहे, कारण तो लागतोच. फक्त वहीच्या पहिल्या पानावर आता पाच नावं असतात आणि त्यांच्यापुढे आकडा नसतो.

अक्का आल्या होत्या. तळणीची जबाबदारी मात्र त्यांनी घेतली नाही. ती दुसऱ्या बहिणीने घेतली. अक्का खुर्चीवर बसून बघत होत्या. त्या पूर्वीसारख्या झाल्या आहेत, असं मी सांगणार नाही. कदाचित होतील, कदाचित गुडघा खरंच दुखत असेल. मी विचारत नाही. पण त्या आता शेवटच्या बाकावर बसत नाहीत. तिसऱ्या बाकावर बसतात.

प्रिय वाचकहो, या आठवड्यात तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात, जे हात रोज चुलीपाशी असतात त्यांच्याकडे बघा. त्यांना आधी वाढा. आणि कोणाला आपण दुखावलं आहे हे आठवलं, तर मोबाइल बाजूला ठेवून चालत जा. "असेल तर" म्हणू नका. काय चुकलं ते नावाने सांगा, आणि मग गप्प बसा. वेळ लागेल. लागू द्या.

प्रार्थना: हे प्रभू, तू किनाऱ्यावर आमच्यासाठी विस्तव पेटवून वाट पाहिलीस, म्हणून तुझे उपकार मानतो. ज्यांच्या हातचं आम्ही खातो आणि ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत, त्यांना तू ओळखतोस. आमच्यातली घाई काढून टाक. आमचा पश्चात्ताप वरवरचा राहू देऊ नकोस, तो आतपर्यंत पोहोचू दे. आमच्या मंडळीतल्या प्रत्येक बहिणीला आणि भावाला तुझ्या मेजापाशी सन्मानाची जागा मिळू दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.